पासाचा दगड

सरांना कुणी कसलाही आकडा सांगितला की ते एकच विचारायचे, "कुठून मोजलं?" कोहमारा किती लांब आहे असं कुणी बोललं, की फाट्यापासून मोजलं की एसटीच्या खांबापासून? पाहुण्यांच्या पोराचं वय निघालं, की जन्मापासून मोजलं की शाळेच्या दाखल्यापासून? सरांच्या पत्नी, आमच्या काकू, तापानं फणफणलेल्या होत्या, डॉक्टरांनी ताप किती ते सांगितलं, तर हे विचारतात, काखेत मोजला की तोंडात? काकूंनी पांघरुणातूनच उत्तर दिलं, "तुमच्या टाळक्यात." एकदा कॉलेजच्या सभेत प्राचार्यांनी संस्थेला अमुक इतकी वर्षं पूर्ण झाली असं जाहीर केलं आणि मागच्या रांगेतून सर उभे राहिले. टाळ्यांसाठी वर गेलेले हात तसेच खाली आले. प्राचार्यांनी नंतर सरांना कधी पुढच्या रांगेत बसवलं नाही, आणि सरांना त्याचं काही वाटलंही नाही.

गोंदियाच्या त्या कॉलेजात विद्यापीठाचं गणिताचं संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक फळा आणि सर. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. पहिल्या दिवशी त्यांनी मला 'बाई' म्हटलं आणि पुढे कायम बाईच म्हणत राहिले. माझं नाव त्यांना माहीत आहे की नाही, याचीच मला शंका होती. फॉर्मवर सही करायच्या आधी ते नावावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हे बरोबर आहे ना? तपासून घ्या."

मला तपासून घ्या म्हणायची गरज नव्हती. मी जन्माची घाबरट. गॅस बंद केला का ते पाहायला बसथांब्यावरून घरी परत जाणारी, कुलूप तीनदा ओढून बघणारी. गणिताकडे मी वळले तेच यासाठी, की इथं एकदा सिद्ध झालं की झालं, परत जाऊन बघायला नको. निदान मला तसं वाटलं होतं.

सरांची पँट घोट्याच्या वर दोनदा दुमडलेली असायची. दुसऱ्या मजल्यावर, एप्रिल महिन्यात, फळ्यासमोरसुद्धा. कुणी विचारलं तर म्हणत, कधी पाण्यात उतरावं लागेल सांगता येत नाही. ते पिढीजात तळी बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या घरातले, नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका गावचे. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी तळी बांधली होती, आणि वडील गावाच्या तळ्याचं पाणी कुणाच्या धानाला कधी सोडायचं ते ठरवायचे. सरांनी आयुष्यभर गणित केलं ते त्याच पाण्याचं.

आणि त्यांच्या खिशात धान असायचं. तांदूळ नव्हे, सालासकट धान. माझी पानं वाचताना त्यांना जिथं शंका यायची तिथं ते पेन लावत नसत, त्या ओळीवर एक दाणा ठेवत आणि कागद अलगद दुमडून परत देत. घरी येऊन मी ताटावर कागद उघडायची. दाणा नेमक्या कुठल्या ओळीवर होता ते हलण्याआधी बघावं लागे. शंका फेडली की दाणा उचलून सरांना परत द्यायचा. फेडता नाही आली तर ठेवायचा. माझ्याकडे न फिटलेल्या दाण्यांची एक डबी होती. एकदा सासूबाईंनी ती कोंबड्यांपुढे रिकामी केली, आणि मी दोन दिवस कुठल्या ओळीवर कुठला दाणा होता ते आठवत बसले.

आता आमचं काम काय होतं ते सांगते, घाबरू नका. आमच्याकडे तळी एकटी नसतात, एकाखाली एक असतात. वरचं भरलं की सांडव्यावरून पाणी वाहतं आणि खालचं भरतं, ते भरलं की त्याच्या खालचं. अशा साखळीत वरच्या तळ्यात थोडा बदल झाला तर खाली काय होईल, याचं गणित सरांनी मांडलं होतं. त्यांचा एक लेख परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आला होता, एकच. सरांच्या वडिलांनी गावच्या तळ्याची पातळी घाटाच्या पायऱ्या मोजून वर्षानुवर्षं रोज वहीत लिहून ठेवली होती, आणि त्या आकड्यांत एका वर्षी अचानक फरक पडलेला दिसत होता. त्या वर्षापासून तळं कायमचं एक पायरी खाली गेलं होतं. पावसाळ्यात काठोकाठ भरलं तरी पूर्वीपेक्षा एक पायरी कमीच. सरांनी दाखवलं, की सांडव्याची कड झिजून एका मर्यादेखाली गेली की असंच होतं, हळूहळू नव्हे, एकदम. विद्यापीठात त्याला 'सरांची उडी' म्हणायचे. सरांनी सांडवा जाऊन पाहिला होता, कड झिजलेली होती. जुन्या सांडव्याची कड झिजलेलीच असते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

माझा प्रबंध त्या उडीवर उभा होता. पाच प्रकरणांतली तिसरं आणि चौथं तर नुसती उडीच. वडिलांच्या वह्या सरांनी कधी कुणाच्या हातात दिल्या नाहीत. त्यात घरचंही बरंच लिहिलेलं आहे, म्हणायचे. आकडे तेवढे त्यांनी स्वतः फुलस्केपवर उतरवून मला दिले होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे मीही कधी जास्त विचारलं नाही.

सात वर्षांनी प्रबंध विद्यापीठात गेला, अहवाल चांगले आले आणि व्हायवाची तारीख लागली. त्याच महिन्यात अर्जुनीकडच्या एका कॉलेजात गणिताची कायम जागा निघाली. एकच जागा. मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे दर जूनला नव्यानं मुलाखत, दर एप्रिलला नव्यानं घरी. मुलाखतीला जाताना हातात डिग्रीचं पत्र असेल तर ती जागा माझी, असं तिथल्याच एकांनी सांगून ठेवलं होतं. व्हायवा आणि मुलाखत यांच्यात फक्त बारा दिवसांचं अंतर. 

व्हायवाला अकरा दिवस राहिले असताना मी फोटो काढायला सरांच्या गावी गेले. प्रबंधात कुठंही त्या घाटाचा फोटो नव्हता, आणि बाहेरच्या परीक्षकांना पडद्यावर दाखवायला एक असावा असं माझ्या मनानं घेतलं. गरज काही नव्हती. पण मी गॅस बघायला परत जाणारी बाई.

घाटावर एक म्हातारी ढिवरीण जाळं धूत होती. दगडाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. मी वरून एक फोटो काढला, खालून एक काढला. ती बघत होती. म्हणाली, "फोटू कायले काढून राहिली वो?"

मी सांगितलं, पुस्तकात छापायचाय, लई जुन्या पायऱ्या आहेत म्हणून.

"बाकीच्या जुन्या. वरची नाई. थो गोटा परफेसरचा होय."

मला वाटलं प्रोफेसरांनी दुरुस्ती करून दिली असेल. तसं विचारलं, तर तिनं जाळं बाजूला ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. गावातली रीत अशी, की पोरानं काही करून दाखवलं तर घरच्यांनी तळ्याला एक दगड द्यायचा. तळं पोसतं, तर आपल्या चांगल्यातला वाटा त्याचा. लोक तो दगड पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, नेऊन टाकतात, लाटेनं माती खचते तिथं. सरांच्या वडिलांनी तसं केलं नाही.

"पोरगं इद्यापीठात पह्यलं आलं म्हणून बुढा येडाच झाला. म्हणे, माह्या पोराचा गोटा पारीवर कायले टाकू, रोज गावाच्या पायाखाली आला पायजे. चार मानसं लावून घाटाच्या वर बसवला. मी तवा नवी नवरी होती. तवापासून आमी एक पायरी जास्त उतरून राहिलो."

मी तिथं उभी राहून तिला दोन वेळा विचारलं, वर बसवला का, खाली नाही ना? तिला वाटलं बाईला ऐकू कमी येतं.

घाटावर पाण्याखालच्या पायऱ्या कशा मोजणार? मोजायच्या त्या कोरड्या, वरून. वर एक पायरी वाढली की सगळे आकडे एकानं वाढले. तळं तिथंच होतं. नवेगाव बांधच्या थांब्यावर बसची वाट बघत मी हे दहादा उलटसुलट करून पाहिलं. घरी जाऊन त्या वर्षानंतरच्या प्रत्येक आकड्यातून एक वजा केला. आलेखावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी गेली. उडी नव्हतीच.

नवऱ्याचं कोहमाऱ्याला टायरचं दुकान आहे. त्याला गणित येत नाही, पण पायरी कळते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पायरीले कोन विचारून राहिला? तीन आठवड्याचा सवाल आहे. गप्प राह्य." मीही तेच ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, दर तासाला ठरवत होते.

पण सर गप्प राहू देतील तर ना. माझ्या व्हायवाचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त घोर. आयुष्यात दोन शर्टांवर काढलेल्या माणसानं तिसरा शर्ट शिवायला टाकला, आणि शिंप्याशी खिशावरून भांडण केलं, का तर खिसा धानाच्या मानानं उथळ होता. रोज तास संपले की कॉलेजपासून रेल्वे स्टेशनपर्यंत ते मला चालवत न्यायचे आणि वाटेत परीक्षक होऊन प्रश्न विचारायचे. बसून दिलेलं उत्तर त्यांना चालत नसे. त्यांचं म्हणणं, जे चालताना सांगता येत नाही ते आपल्याला कळलेलंच नाही. भाजीवाल्यांच्या, ऑटोवाल्यांच्या गर्दीतून मी दोन हात हलवत प्रमेयं सांगत जायची आणि लोक बाजूला सरायचे.

व्हायवाला पाच दिवस राहिलेल्या दिवशी त्यांनी उड्डाणपुलाखाली विचारलं, ही उडी तळ्याचीच कशावरून, मोजणाऱ्याची कशावरून नाही? खरंच विचारलं. परीक्षक विचारू शकतात म्हणून. खरं उत्तर मला ठाऊक होतं. आणि तरी माझ्या तोंडानं उत्तर दिलं, सरळ, न अडखळता: एकच मोजणारा, एकच घाट, एकच पद्धत, आणि वर झिजलेल्या सांडव्याचा पुरावा.

सर थांबले. म्हणाले, "उत्तम."

सात वर्षांत त्यांनी मला उत्तम म्हटलं नव्हतं. बरं, चालेल, पुढे जा, यापलीकडे त्यांची मजल नव्हती. तो शब्द ऐकायला मी किती तरसले होते ते माझं मलाच ठाऊक. आणि तो मिळाला माझ्या पहिल्या खोट्या उत्तराला. त्या दिवशी गाडीत खिडकीपाशी बसून मी माझं स्टेशन येईस्तोवर डोळे पुसत होते. समोरच्या बाईनं बिचारीनं मला पेरू कापून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांच्या खोलीत गेले. वीज गेलेली, पंखा बंद. तोंडानं सांगायचं म्हणून आले होते, पण डबी सोबत घेतली होती. सर कपाटात काही शोधत होते. टेबलावर त्यांच्या लेखाची प्रत होती, कोपरे मऊ झालेली. माझ्या डबीतला एक दाणा मी काढला, आलेखाच्या पानावर उडीच्या बरोबर खाली ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले.

सर आले, बसले, चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बाई, हा दाणा माझा नाही."

"माझा आहे, सर."

त्यांना राग आला नाही, आधी गंमत वाटली. चाळीसेक विद्यार्थी झाले असतील त्यांचे, पण उलटा दाणा कुणी ठेवला नव्हता. म्हणाले, बोला.

मी विचारलं, "तुमचे बाबा पायऱ्या कुठून मोजायचे?"

"वरून. कोरड्या मोजायचे. पाण्यातल्या कशा मोजणार?" हे ते जरा वैतागून बोलले, पोराला पाढा सांगावा तसे. आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा थांबला. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

ते उठले आणि दुसऱ्या कपाटातून एक वही काढली. शोधावी लागली नाही. ती आपोआप त्याच पानावर उघडली, इतक्या वेळा ते पान उघडलेलं होतं. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. ओबडधोबड अक्षरात तारखेपुढे लिहिलं होतं: 'वरून अठरा. पोराच्या पासाचा दगड. वर बसवला.' त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीची ओळ होती: 'वरून एकोणीस.'

"हे पान मला पाठ आहे," सर म्हणाले. "बाबा गेले त्या दिवशी वाचलं. नोकरी लागली तेव्हा वाचलं. मन उदास झालं की वाचतो. पण आकडे उतरवताना हे घरचं म्हणून सोडून दिलं."

मला वाटलं ते रडतील. रडले नाहीत. दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले. वडिलांनी काही चुकवलं नव्हतं, सगळं लिहून ठेवलं होतं. बापाच्या आनंदानं एक पायरी वाढली आणि मुलानं त्यावर सिद्धान्त उभा केला. ज्यानं जगाला कुठून मोजलं विचारून भंडावलं, त्यानं स्वतःच्या बापाला तेवढं विचारलं नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. लेख माझा आहे, म्हणाले, त्याची दुरुस्ती मी कळवणारच. पण प्रबंध तुमचा आहे. दुरुस्तीचं पत्र मी आज टाकेन किंवा तुमची मुलाखत झाल्यावर टाकेन. "पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. कुणाला कळणार नाही."

सरांच्या तोंडून 'कुणाला कळणार नाही' ऐकलं आणि मला त्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. सात वर्षं एकेका दाण्यावर मला नाचवलं, आणि आता हे माझ्या गळ्यात. मी म्हटलं, तुम्ही गाईड आहात, तुम्हीच ठरवा.

"हा दाणा तुम्ही ठेवलाय, गप्प राहायचं तर तुम्हीच उचला. शंका माझी असायची तेव्हा ती फिटली की नाही ते मीच ठरवायचो."

खरं सांगते, हात पुढे गेला होता. बोट दाण्याला लागलंसुद्धा. नऊ वर्षं डोळ्यापुढून गेली, ती एकच जागा दिसली, नवरा दिसला. पण मला माझा स्वभाव माहीत होता. बंद केलेला गॅस मी तीनदा बघते, उघडा ठेवलेला गॅस घेऊन मी उरलेलं आयुष्य कसं काढणार होते? मी हात मागे घेतला.

"राहू द्या, सर."

त्यांनी मान हलवली. मग दोन पत्रं लिहिली, एक नियतकालिकाला त्यांच्या लेखाचं आणि एक विद्यापीठाला माझा प्रबंध दुरुस्तीसाठी मागे घेण्याचं. दुसरं पत्र लिहिताना त्यांनी माझ्या नावावर बोट ठेवलं आणि तपासून घ्या म्हणाले. मी तपासलं. नाव बरोबर होतं, फक्त कागद ओला झाला.

नवऱ्यानं मला गाढवी म्हटलं, दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः चहा करून आणला. जागा दुसऱ्याला मिळाली. चांगला माणूस आहे, पोरांना जीव तोडून शिकवतो, त्यामुळे धड राग धरायचीही सोय नाही.

विद्यापीठात काही दिवस सरांची उडी खड्ड्यात पडली म्हणून हसणं चाललं. सरांची दुरुस्ती त्या नियतकालिकात छापून आली, अर्ध्या पानाची. सर स्वतःही हसायचे, पण मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जायचे बंद झाले. मला लोकांच्या हसण्याची भीती वाटली नाही, दुसऱ्याच गोष्टीची वाटली. एकदा शिपायानं येऊन सांगितलं, प्रतापगडच्या यात्रेपायी एसटी दोन तास लेट आहे. मी सरांकडे बघत राहिले. दोन तास कुठून मोजले, असं ते विचारणार म्हणून. त्यांनी नुसतं बरं म्हटलं. जागा गेली तेव्हा वाटलं नाही एवढं मला त्या 'बरं'नं वाईट वाटलं. पुढचे पाच-सहा महिने त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. काकू मला फोन करून विचारायच्या, "अवो, तुमच्या सरायले काय झालं? भाजीवाल्याशी भांडून नाई राहिले."

मी तिसरं आणि चौथं प्रकरण फेकून दिलं आणि नव्यानं कामाला लागले. वडिलांच्या वह्या आता माझ्याकडे होत्या, घरच्या ओळींसकट. मी गाय व्याल्याची ओळ वाचली, सरांना गोवर आल्याची वाचली, आणि एकही ओळ सोडली नाही. साखळीतल्या चार तळ्यांवर स्वतः जाऊन पायऱ्या मोजल्या, ढिवरांना विचारलं, दगड कधी कुणी बसवला ते लिहून घेतलं. सरांचं प्रमेय गणित म्हणून पक्कं होतं, त्याला धक्का लागला नव्हता. सर एकदा म्हणाले, प्रमेय खरं आहे बाई, फक्त आपल्या तळ्यानं ते केलं नाही. नवं प्रकरण त्यांना वाचायला दिलं आणि आठ दिवसांनी पानं परत आली. घरी ताटावर उघडली तर सात दाणे. पहिलाच दाणा मी पायरीची उंची दिली होती त्या आकड्यावर होता, आणि शेजारी, कधी नव्हे ते, पेन्सिलीनं लिहिलं होतं: कुठून मोजलं? मी स्वयंपाकघरात ताट धरून रडले. सासूबाईंना वाटलं परत नापास झाली.

दोन वर्षांनी व्हायवा झाली. परीक्षकांनी अर्धा वेळ त्या पायरीबद्दलच विचारलं. सर निवृत्त झाले होते, तरी मागं बसले होते, तोच खोल खिशाचा शर्ट घालून. बाहेर आल्यावर त्यांनी उत्तम म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "दगड बघून ठेवलाय का?"

मे महिन्यात नवऱ्यानं टेम्पोत घालून दगड नेला. तळं खाली गेलेलं, घाटाच्या पायऱ्या जवळपास सगळ्या उघड्या. मी विचारलं, कुठं ठेवायचा, पाळीवर? सर आधीच पाण्यात उतरले होते, पँट दुमडलेली होतीच. शेवटच्या पायरीखालची माती वाहून गेली होती, तिथं त्यांनी हात घालून चाचपलं आणि म्हणाले, "इथं. वर नको. लोकांना वरून मोजायची सवय आहे." नवऱ्यानं आणि आणखी दोघांनी दगड खाली सरकवला. सरांनी त्यावर उभं राहून पाहिलं, हलत नाही ना. तेव्हाही ते मला बाईच म्हणाले, बाई, तुम्हीही उभ्या राहून बघा, तपासून घ्या. नंतर पाळीवर बसून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायचं मला सुचलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. मी अजून तासिकेवरच आहे. जागा निघेल, असं दर वर्षी म्हणतात, आणि दर वर्षी जून जवळ आला की मी मुलाखतीची फाईल काढून तीनदा तपासते. तेराव्यानंतर काकूंनी सरांकडच्या उरलेल्या वह्याही माझ्या हवाली केल्या, आमच्यात कोण वाचणार म्हणाल्या. वडील वारल्यानंतर सरही गावी गेले की तशाच वह्यांत लिहायचे, हे मला तेव्हा कळलं. मी शेवटची वही घेऊन मे महिना शोधला. सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात त्या तारखेपुढे एवढंच होतं:

'वरून चोवीस. पोरीच्या पासाचा दगड. खाली बसवला.'